एक पायरी वर

सामन्याच्या दिवशी दुपारी क्लबच्या ‘प्रेक्षक-अनुभव विभागा’ने आत्याला ढोल केव्हा वाजवायचा ते समजावून सांगितले. कित्येक वर्षे ती तो कोणाला न विचारता वाजवत आली होती, आणि तो अवेळी वाजला अशी तक्रार आजवर कोणी, अगदी हरून परतणाऱ्या पाहुण्या संघानेही, केली नव्हती. परंतु विभाग नवा होता; आणि नव्या विभागाला स्वतःचे असणे सिद्ध करायचे तर आधीपासून जे आहे ते अपुरे ठरवण्यावाचून गत्यंतर नसते.

“मी हात वर केला की सुरू करायचं,” अनुभवप्रमुख म्हणाला. तो तरुण होता, नम्र होता, आणि त्याच्या कानात सतत कोणीतरी बोलत असे. “हात खाली केला की थांबायचं. सोपं आहे, आत्या.”

“आणि मधेच गोल झाला तर?”

“तर मी हात वर करीन.”

“बघत असशील ना पण, बाळा? नाहीतर बसशील कानातलं ऐकत.”

शेजारी उभा असलेला पहाड मोठ्याने हसला. पहाड बेकरीत भट्टीवर काम करी. त्याचे खरे नाव कोणाला ठाऊक नव्हते, आणि त्याच्याकडे एकदा पाहिल्यावर ते विचारावेसेही वाटत नसे.

आत्या बसच्या डेपोत फाटक्या आसनांना नवी आवरणे शिवत असे. जाड रेक्झीनमधून आयुष्यभर दाभण ओढून तिचे खांदे असे झाले होते की ढोलानेच तिला निवडले असावे. तिचा धाकटा भाऊ त्याच डेपोत बस चालवी. त्याची मुलगी लहानपणी पायऱ्यांवरून “आत्या, वाजव!” म्हणून किंचाळली, शेजारच्यांनी तिची री ओढली, आणि तो सामना संपेपर्यंत ही बाई हजारो लोकांची आत्या होऊन बसली. त्यांतले कित्येक तिच्याहून वयाने मोठे होते.

स्टेडियमच्या या टोकाला खुर्च्या नाहीत. मैदानाच्या जाळीपासून वर चढत गेलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या आहेत आणि त्यांवर लोक उभे राहतात. म्हणून हिचे नाव उभी बाजू. आत येण्याची वाट एकच: फाटकापासून पायऱ्यांच्या पोटातून येणारा एक लांब बोळ. तो अगदी तळाशी, जाळीजवळ उघडतो. आणि सर्वांत वर, शेवटच्या पायरीच्या मागे, एक रुंद मोकळी वाट आहे. तिला माथा म्हणतात. माथ्यावरून मैदान सर्वांत चांगले दिसते, आणि तरीही माथ्यावर कधी कोणी उभे राहत नसे.

याला कारण होते. फार मागे एका सामन्यात तळाशी एक माणूस चक्कर येऊन पडला. वरच्यांना ते दिसले नाही. वरचे गात होते, आणि गाता गाता खाली रेटत होते. तो माणूस गाण्याखाली मेला. त्यानंतर उभ्या बाजूने एक रीत बसवली, जी कोणी लिहिली नाही, कोणी मंजूर केली नाही आणि म्हणूनच बहुधा टिकली. तळाशी कोणी पडले की ढोलाचा एकच ठोका. मग एका श्वासाएवढी शांतता. मग पुन्हा एकच ठोका. तो ऐकताच सर्वांत वरची ओळ माथ्यावर जाते, तिच्याखालची ओळ तिच्या जागी चढते, तिच्याखालची तिच्या, आणि अशा रीतीने सगळी बाजू एक पायरी वर सरकून तळाशी पडलेल्यापुरती जागा मोकळी होते. चढताना प्रत्येकजण खालच्याला विचारतो, “कोण पडलं?” प्रश्न तळापर्यंत उतरतो आणि उत्तर वर येते: “दाढीवाला. उठला.” किंवा, “चष्मेवाली. पाणी द्या.” उत्तर वर पोहोचले की लोक पुन्हा खाली येतात, आणि गाणे जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू होते.

त्या रीतीचा सगळा अर्थ दोन ठोक्यांमधल्या शांततेत होता. ती शांतता आणि तो रिकामा माथा, एवढेच तिचे भांडवल.

या हंगामात विभागाने माथ्यावर एक भिंत उभारली होती. लाकडी चौकट, तीवर ताणलेले चकचकीत कापड, पुढे मखमली दोर. लोकांनी तिच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढावीत अशी योजना होती. भिंतीवर पुरस्कर्त्या मोटार-कंपनीचे चिन्ह होते आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘ही जागा तुमचीच आहे’.

“ही इथं नको,” आत्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. “वर सरकायचं झालं तर माणसं जाणार कुठं?”

“या हंगामात किती वेळा सरकावं लागलं, आत्या?”

“अजून एकदाही नाही.”

“मग?” अनुभवप्रमुख मनापासून म्हणाला. तो दुष्ट नव्हता. घराला आग लागली नाही याचा अर्थ पाण्याची बादली अडगळ आहे असे मानणारी जी एक सुशिक्षित जमात पृथ्वीवर सर्वत्र आढळते, तिचा तो एक सभ्य प्रतिनिधी होता.

भिंतीबरोबर कर्णेही आले होते. उभ्या बाजूच्या प्रत्येक खांबावर एक, बोळात ओळीने, फाटकाबाहेरही. गेल्या हंगामात अखेरच्या क्षणी झालेल्या एका गोलाला या बाजूने जी गर्जना केली, ती विभागाने टिपून ठेवली होती आणि वातावरण कमी पडेल तिथे ती वाजवली जाई. जुन्या तार्किकांनी ज्ञानाचे दोन भाग केले: एक स्मृती, आणि स्मृतीहून वेगळा तो अनुभव. एवढा एक भेद करायला त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद घालावे लागले. विभागाने तो एका बटणाने मिटवला. लोकांची स्मृती लोकांनाच अनुभव म्हणून विकली जात होती, आणि ती विकताना ज्यांच्या घशातून ती निघाली त्यांना कोणी विचारले नव्हते.

आज हरणारा संघ खालच्या श्रेणीत जाणार होता. बाजू लवकर भरत आली. आत्या वरच्या कोपऱ्यातल्या नव्या चौथऱ्यावर उभी होती, ढोल तिच्यापुढे घोडीवर, कर्णा तिच्या डोक्यावर. इथून तिला तळाशी बोळाचे तोंड दिसत होते, आणि ती मैदानापेक्षा तिकडेच जास्त पाहत होती. तिचे वडील, आप्पा, अजून आले नव्हते.

फोन वाजला. धाकटा होता.

“ताई, यंत्र आप्पांना आत सोडत नाहीये. तिकिटं दोन्ही माझ्याच फोनवर. माझं घेतलं, त्यांच्याला म्हणतंय, पुन्हा प्रयत्न करा.”

मागून आप्पांचा आवाज आला: “मला ओळखत नाहीस तर निदान तुझ्या बापाला तरी ओळखतोस का, विचार त्याला!”

“ऐकलंस? सगळी रांग हसतेय. पण मागं लोक फार साचलेत गं. निम्मी यंत्रं बंदच आहेत.”

“मग फिरा माघारी. घरी टीव्हीवर बघा.”

“तू सांग त्यांना. माझं ऐकलंय कधी?”

आप्पांनी फोन घेतला. ते आयुष्यभर पाट्या रंगवत आले होते, आणि रंगाच्या वाफांनी त्यांचे एक फुप्फुस जवळजवळ संपवले होते. डॉक्टरांनी त्यांना जिने, गर्दी आणि ओरडणे एवढेच वर्ज्य केले होते, म्हणजे उभी बाजू सोडून बाकी सगळ्याला मुभा होती.

“पोरी,” ते म्हणाले, “या फाटकावरची पाटी मी रंगवलीय. तिच्याखालून मला परत पाठवणारं यंत्र अजून जन्माला यायचंय.”

“आप्पा, धाप लागतेय तुम्हाला.”

“धाप नाही, राग आहे. राग प्रकृतीला चांगला असतो.”

ती हसली. मग तिने पाहिले की हसताना आपण टिपऱ्या फार घट्ट धरल्या आहेत.

सामना सुरू व्हायची वेळ झाली, पण सामना सुरू झाला नाही. पुरस्कर्त्या कंपनीची नवी मोटार मैदानाच्या मध्यावर आणून ठेवली होती. तिने एक फेरी मारून बाहेर जायचे होते, आणि ती जागची हलत नव्हती. चार माणसे ती ढकलत होती. पंच चेंडू काखेत धरून बाजूला उभे होते. पहाड ओरडला, “अरे, तिलाच घ्या संघात! बाकीचे अकरा तरी कुठं पळतात!” आणि आसपासच्या ओळी हसून लोळल्या.

पुन्हा फोन. आता मागे हसणे नव्हते.

“ताई, आत आलो. बोळात आहोत.” धाकटा बस चालवतो त्या आवाजात बोलत होता, संथ, एकेक शब्द सुटा करून. “पण पुढचे हलत नाहीयेत. तळाशी काय झालंय?”

“तळ भरलाय. लोक वर चढत नाहीयेत, मोटार बघत उभे आहेत. आप्पा कुठंयत?”

“माझ्या पुढं. मी हात घातलेत त्यांच्याभोवती.”

“मागं फिरता येईल?”

“मागं अख्खं गाव आहे.”

“आप्पांना दे.”

“बोलवत नाहीये त्यांना,” धाकटा म्हणाला.

तिने अनुभवप्रमुखाची बाही धरली. “बोळात माणसं अडकलीत. बाहेरच्यांना थांबवायला सांग. फाटक बंद करा म्हणावं.”

त्याने कानातल्या यंत्राला हे सांगितले. ऐकले. मान हलवली. “फाटकावरचे लोक म्हणतात, सगळं सुरळीत आहे. गर्दी आहे, पण ती अपेक्षितच आहे.”

“माझा बाप आहे तिथं.”

“मी पुन्हा सांगतो,” तो म्हणाला, आणि खरोखरच पुन्हा सांगू लागला.

त्याच वेळी कर्णे गर्जले.

याची योजना आठवडाभर आधी झाली होती. सामना सुरू होण्याच्या क्षणी गर्जना, आणि तिच्या पोटात मोटार-कंपनीची जाहिरात. मोटार हलत नाही आणि सामना सुरू झालेला नाही ही गोष्ट ज्या यंत्राला कळावी ते यंत्र कोणी विकत घेतले नव्हते. आतल्या लोकांनी वर पाहिले, कोणी खांदे उडवले, कोणी शिवी दिली. आतल्यांना दिसत होते की मैदानावर काहीही घडलेले नाही. बोळातल्यांना आणि फाटकाबाहेरच्यांना काहीच दिसत नव्हते. त्यांना वेळ ठाऊक होती, आणि हा आवाजही ठाऊक होता. तो त्यांचाच होता. वर्षाचा सर्वांत मोठा सामना सुरू झाला, पहिल्याच झटक्याला गोल झाला, आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभे. अशा वेळी माणूस काय करतो हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. मागचा प्रत्येकजण फक्त एक पाऊल पुढे सरकला.

आत्याने वरून पाहिले: बोळाच्या तोंडाशी माणसे बाहेर येत नव्हती, बाहेर दाबली जात होती. तोंडे वर झालेली, हात वर अडकलेले. तळाच्या ओळी जाळीवर चेपल्या. जाळीला एक लहान दार होते. त्याच्यापलीकडे पहारेकरी उभा होता आणि खांद्यावरच्या यंत्रात बोलत होता. दार उघडायला हुकूम लागत होता.

कानाशी धरलेल्या फोनमध्ये आधी नुसता घरघराट आला. मग धाकट्याचा आवाज, अगदी जवळून, जणू तो फोन चावून बोलत होता.

“ताई. आप्पांचे पाय जमिनीला नाहीत.”

आणि फोन बंद पडला.

तिने टिपरी उचलली आणि एक ठोका दिला.

“आत्या, मी अजून हात वर केलेला नाही!”

तिने एक श्वास सोडला आणि दुसरा ठोका दिला. परंतु तो श्वासभराचा अवकाश कर्ण्यांनी गिळला होता. गेल्या वर्षीचे हजारो गळे ओरडत होते आणि त्यांच्यावर एक गोड आवाज मोटारीच्या आसनांचा मऊपणा वर्णन करत होता. शेजारच्या ओळीने ढोलाकडे पाहिले, आणि गाण्याची सुरुवात असावी असे समजून दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

“बंद कर ते,” ती म्हणाली.

“माझ्याकडे तो अधिकार नाही. नियंत्रण काचेच्या खोलीत आहे.”

“मग त्यांना सांग.”

“सांगतोय.” त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानेही तळाकडे पाहिले होते. “ते म्हणतात, हा भाग पुरस्कर्त्यांचा आहे. पूर्ण वाजावा लागतो. करार आहे. थोडाच उरलाय.”

“पहाड!”

पहाडाला पुढचे सांगावे लागले नाही. त्याने खांबाला मिठी मारली, वर हात घातला, आणि भट्टीतून पत्रे ओढावेत तशी कर्ण्याची वायर ओढून काढली. एकच कर्णा मेला. बाकीचे गर्जतच होते, पण या कोपऱ्यात आवाजात एक भोक पडले, आणि त्या भोकात आत्याने ठोका टाकला.

श्वास.

ठोका.

वरच्या ओळीतली एक बाई वळली. तिच्या तोंडावरचे हसू तसेच राहिले, फक्त त्याचा अर्थ गेला. “कोण पडलं?” ती म्हणाली. आणि सवयीने, न पाहता, एक पायरी वर चढली.

तिची पाठ मखमली दोराला लागली. दोरामागे भिंत होती.

“मागं जा! मागं!”

“जाऊ कुठं? ही बया उभी आहे ना!”

खालची ओळ चढू लागली होती आणि वरच्या ओळीला जागा नव्हती. क्षणभर असे झाले की जी रीत माणसे वाचवण्यासाठी होती तीच वरच्या टोकाला नवी चेंगराचेंगरी घडवणार. आत्याचा हात थांबला नाही. हात थांबला तर सगळेच थांबेल हे तिला ठाऊक होते. हात चालू राहिला तर काय होईल, हे मात्र ठाऊक नव्हते. ठोका. श्वास. श्वासात तिने आप्पांना शोधले, आणि तळाशी तिला नुसती डोकी दिसली, एकमेकांना चिकटलेली, ज्यांतले कुठलेही त्यांचे असू शकले असते.

पहाड भिंतीशी पोहोचला. त्याने चौकटीला खांदा लावला. ती हलली, पण पडली नाही. ती पक्की बसवली होती, वाऱ्यासाठी. “या रे चार जण!” चार जण आले, मग आणखी. चकचकीत कापड मधोमध फाटले. लाकूड कडाडले. ‘ही जागा तुमचीच आहे’ ही अक्षरे आधी तिरकी झाली, मग आडवी, आणि मग पहिल्यांदाच खरी ठरली. लोक त्यांच्यावर पाय देऊन माथ्यावर गेले.

वरची ओळ वर गेली. तिच्याखालची चढली. तिसऱ्या ओळीला ढोल ऐकू येत नव्हता; पण पुढच्याची पाठ वर गेलेली तिला दिसली, आणि ती चढली. “कोण पडलं? कोण पडलं?” प्रश्न पायऱ्या उतरू लागला. मधल्या एका टोळक्याने ऐकलेच नाही, ते मोटारीकडे बोटे दाखवून गात होते; मागून एका बाईने त्यातल्या एकाची कॉलर धरली आणि पोत्यासारखे वर ओढले. “अगं मावशी, काय!” “वर ये मुडद्या, खाली माणूस मरतंय!”

अनुभवप्रमुख कानातल्या यंत्राशी बोलत होता, मग ओरडत होता, मग त्याने ते काढून हातात धरले. ते हातात धरून पुढे काय करायचे हे त्याला सुचले नाही.

आणि मग जाहिरात संपली. पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत, करारात होते तेवढी. कर्णे एकदम गप्प झाले.

त्या शांततेत ठोका पडला, आणि तो बोळातून आरपार गेला. फाटकाबाहेरची माणसे थबकली. त्यांतले बहुतेक या बाजूचे जुने होते. गोल झाल्यावर हा ठोका पडत नाही. कोणीतरी म्हणाले, “कोण पडलं?” आणि मागच्यांनी, ज्यांच्या मागे कोणी नव्हते, पहिले पाऊल मागे टाकले.

तळाशी एक पायरी मोकळी झाली. मग दुसरी. बोळाचे तोंड श्वास घेतल्यासारखे सैल झाले, आणि त्यातून माणसे अक्षरशः ओघळली. पहारेकऱ्याला तेवढ्यात हुकूम मिळाला आणि त्याने जाळीचे दार उघडले. आत्या ठोका देत राहिली. उत्तर वर आल्याशिवाय थांबायचे नाही, अशी रीत होती.

उत्तर यायला फार वेळ लागला. ओळीमागून ओळ ते वर चढत होते, आणि जसजसे जवळ येत होते तसतसे लोक ते हळू आवाजात सांगत होते. वरच्या ओळीतल्या त्या बाईने ऐकले, वळली, आणि आत्याकडे पाहून बोलायचे थांबली.

“बोल,” आत्या म्हणाली. ठोका.

“बरेच पडलेत. पाय मोडलेत, बेशुद्ध आहेत. आणि म्हातारे एक. पाटीवाले.”

श्वास.

“उठले?”

“गवतावर ठेवलंय. श्वास आहे म्हणतात.”

ठोका देण्यासाठी उचललेला हात आत्याने हळूच ढोलावर टेकवला.

*

त्या दिवशी कोणी मेले नाही. हे सुदैव मानण्यात येते. पण प्रत्येक सुदैवाची एक किंमत असते, आणि याची किंमत अशी की कोणी न मेल्यामुळे चौकशीही झाली नाही. आप्पांच्या बरगड्या मोडल्या आणि उरलेल्या फुप्फुसाने अर्धे काम सोडले. सामना उशिरा सुरू झाला, बरोबरीत सुटला, संघ वाचला. क्लबने निवेदनात ‘प्रवेशाच्या वेळी झालेल्या काहीशा गैरसोयी’बद्दल खेद व्यक्त केला आणि मोडलेल्या भिंतीबद्दल नाराजी.

मात्र कॅमेऱ्यांनी ते दृश्य टिपले होते: शांत झालेले स्टेडियम, एकटा ढोल, आणि हजारो माणसांची ती बाजू लाटेसारखी वर सरकताना. ते जगभर पाहिले गेले. लोक म्हणाले, डोळे भरून आले.

नव्या हंगामाच्या तोंडावर अनुभवप्रमुख डेपोत आला. आत्या एका आसनाचे जुने आवरण उसवत होती.

“आम्हाला तो ठोका हवा आहे,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात थोडी शरम होती, पण नोकरीही होती. “प्रत्येक सामन्याआधी. ‘एकीचा ठोका’. तुमचा सन्मान म्हणून.”

“तो ठोका कोणी पडलं तर असतो.”

“हो, त्यामागची भावना आम्ही समजतो...”

“भावना नाही रे बाळा. जागा असते ती. पडलेल्या माणसापुरती.” तिने सुरी खाली ठेवली. “नाही देणार.”

त्याने उसवलेला एक धागा उचलला. “आत्या, मी विचारायला आलो, कारण मला वाटलं विचारावं. तो ठोका क्लबकडे आहेच. त्या दिवशीचाच आहे, टिपलेला.”

पहिल्या सामन्याला ती ढोल न घेता गेली. माथ्यावर नवी भिंत नव्हती, एवढी सुधारणा झाली होती. ती वरच्या ओळीत उभी राहिली. एका बाजूला पहाड, दुसऱ्या बाजूला धाकटा. संघ मैदानावर आले आणि कर्ण्यांतून ठोका पडला.

श्वास. ठोका. श्वासही टिपलेला होता; त्यात दूरवर कोणीतरी ओरडताना ऐकू येत होते, आणि तो आवाज बोळातला होता हे फार थोड्यांना कळले असेल.

उभी बाजू एक पायरी वर सरकली. शरीराला जाहिरात कळत नाही. “कोण पडलं? कोण पडलं?” प्रश्न उतरला, आणि उत्तर आले: “कोणी नाही.” पुन्हा ठोका. या वेळी निम्मेच चढले. तिसऱ्याला कोणीतरी हसले.

धाकट्याचा फोन वाजला. घरी आप्पा टीव्हीपुढे उशांना टेकून बसले होते. त्यांचा आवाज आता फोनमध्ये जेमतेम मावेल एवढाच उरला होता.

“कोण पडलं रे?”

“कोणी नाही, आप्पा. जाहिरात आहे.”

एक श्वास ऐकू आला. मग आप्पा म्हणाले, “आणि खरंच कोणी पडलं म्हणजे?”

धाकट्याने फोन आत्याच्या कानाला लावला, पण तिला तो प्रश्न आधीच ऐकू आला होता. कर्ण्यांत ठोका पडत होता, आणि तिच्या पुढे आता एकही माणूस हलत नव्हता.

ती वाकली आणि पुढच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. दोनदा दाबला. बाई वळली, तीच होती, जिने त्या दिवशी उत्तर आणले होते.

“काय गं आत्या?”

“खांद्यावर असं दोनदा झालं की एक पायरी वर. ढोलाचं ऐकायचं नाही. यापुढं असं. पुढं दे.”

बाईने क्षणभर कर्ण्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. मग वाकून आपल्या पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. पहाडाने आपल्या बाजूने सुरुवात केली, धाकट्याने आपल्या. कोणी विचारत होते, कोणी चेष्टा करत होते, “मालिश चालू झालं का हो?” आणि तरी हात पुढे जात होते, ओळीमागून ओळ, बोळाच्या तोंडाकडे. खाली मैदानात शिटी झाली आणि लोक ओरडले. आत्याने तिकडे पाहिले नाही. ती एकामागून एक वाकणाऱ्या पाठी पाहत होती.

कर्णे गप्प झाले तेव्हाही ती तळाकडून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत होती. अखेर पुढच्या बाईने, न वळता, खांद्यावरून हात मागे आणला, आत्याचा हात शोधला आणि एकदा दाबला.